एफएम ४-६४ रंग आणि किराणा दुकानातलं यीस्ट: सोलापूरच्या उन्हाळ्यात ही जोडी कितपत चालते?

बी.एस्सी.च्या वर्गात एंडोसायटोसिस, म्हणजे पुस्तकातलं पेशीय भक्षण, बहुतेक वेळा फळ्यावरच उरकतं. पेशीपटल आत वाकतं, त्याची पिशवी होते, पिशवी तुटून आत जाते. तीन चित्रं, तीन बाण, झालं. हे जिवंत पेशीत डोळ्यांनी दाखवायचं असेल तर विकत घ्याव्या लागणाऱ्या वस्तू दोनच: एफएम ४-६४ नावाचा चमकणारा रंग आणि इन्स्टंट ड्राय यीस्टचं एक पाकीट. रंग मागवावा लागतो, यीस्ट नवी पेठेत किंवा मंगळवार पेठेत बेकरीचं सामान ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतं. निकाल आधीच सांगतो. रंग पैसे वसूल करणारा आहे. यीस्ट कामाला पुरेसं आहे, पण पाकिटातून थेट स्लाइडवर नको. आणि एप्रिल-मेच्या सोलापुरात या दोन्हींपेक्षा महत्त्वाची तिसरी वस्तू म्हणजे बर्फ. त्यात कुचराई केली तर महागडा रंगही काही दाखवत नाही.

आधी रंग. सहसा १०० मायक्रोग्रॅमच्या दहा बाटल्यांची पेटी मिळते. बाटली हातात घेतल्यावर ती रिकामीच वाटते. तळाशी किंवा झाकणाला लालसर पापुद्रा असतो, म्हणून उघडण्याआधी अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यावी. रेणूभार ६०७.५, त्यामुळे एका बाटलीत १६५ मायक्रोलिटर डीएमएसओ (रंग विरघळवणारा द्रव) घातलं की १ मिलिमोलर द्रावण तयार. लगेच १५-१५ मायक्रोलिटरचे भाग पाडायचे, नळ्यांना ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायच्या. डीएमएसओ १८ अंशांच्या आसपासच गोठतं, त्यामुळे फ्रीजमध्येही त्याचा खडा होतो. तो मुठीत धरून वितळू द्यावा, पूर्ण वितळल्याशिवाय पिपेट घालू नये. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत थंड बाटली लगेच उघडली तर आत पाणी धरतं. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावं.

हा रंग विश्वासाचा आहे, कारण तो चोरवाटेनं आत जात नाही. पाण्यात तो जवळजवळ चमकत नाही, स्निग्ध पटलात बसला की लाल चमकतो. रेणूवर दोन धन प्रभार असल्यामुळे तो पटल ओलांडून पलीकडे जाऊ शकत नाही, बाहेरच्या थरातच अडकतो. म्हणजे पेशीच्या आतल्या कुठल्याही पटलावर तो दिसला, तर ते पटल कधीतरी बाहेरून गिळलं गेलेलं आहे, दुसरा मार्ग नाही. १९९५ साली व्हिडा आणि एम्र या संशोधकांनी यीस्टमध्ये हा रंग वापरून पेशीपटलापासून रिक्तिकेपर्यंतचा (पेशीतल्या रसाच्या पिशवीपर्यंतचा) हा प्रवास दाखवला, तेव्हापासून जगभरच्या यीस्ट प्रयोगशाळांत तो नेहमीचा झाला. अट एकच, पेशी जिवंत हवी. मेलेल्या पेशीचं पटल फाटलेलं असतं, रंग सरळ आत घुसतो आणि अख्खी पेशी लाल गोळा होते.

इथेच पाकिटातल्या यीस्टचा प्रश्न येतो. ड्राय यीस्ट वाळवताना बऱ्याच पेशी मरतात, त्यात दुकानात उन्हाच्या बाजूच्या फळीवर पाकीट महिनाभर पडलं तर आणखी मरतात. वर त्यात सॉर्बिटन मोनोस्टिअरेटसारखं इमल्सिफायर असतं. हा स्निग्ध पदार्थच, त्याला रंग चिकटतो आणि स्लाइडभर लाल कण दिसतात. पाव करणाऱ्याला या दोन्ही गोष्टींनी फरक पडत नाही, आपल्याला पडतो. म्हणून १ ग्रॅम यीस्ट ३५ ते ३८ अंशांच्या १० मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटं भिजवायचं आणि वायपीडी (यीस्ट वाढवण्याचं माध्यम) आगारच्या प्लेटवर रेघा ओढून वेगळ्या वसाहती वाढवायच्या. वायपीडीचं प्रमाण लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम. प्लेटसाठी आगार २० ग्रॅम. दोन दिवसांत पांढऱ्या, लोण्यासारख्या वसाहती येतात. त्यातली एक उचलली की इमल्सिफायरही गेलं आणि मेलेल्या पेशीही गेल्या. हा एक टप्पा केल्यावर साध्या दुकानी यीस्टबद्दल आमची काही तक्रार उरत नाही. पाच मिलिलिटर वाढीतला थेंबभर घेऊन ०.०१ टक्के मिथिलीन ब्लूमध्ये बघावा. निळ्या, म्हणजे मेलेल्या, पेशी शंभरात पाचाच्या आत असतील तर पुढे जावं.

पाकीट लहान घ्यावं. ५०० ग्रॅमची निर्वात वीट भावाला स्वस्त पडते, पण प्रयोगशाळेला वर्षाला ५ ग्रॅमही लागत नाही.

कृती अशी. आदल्या संध्याकाळी ५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५ मिलिलिटर वायपीडी घेऊन वसाहत टाकायची आणि ३० अंशांना हलवत ठेवायची. सकाळी ही वाढ ताज्या वायपीडीत ६०० नॅनोमीटरला ०.२ प्रकाशीय घनतेपर्यंत पातळ करायची. दुपटीला साधारण दीड तास लागतो, त्यामुळे तीन तासांत घनता ०.६ ते ०.८ वर येते. याच वेळी पेशी घ्यायच्या. रात्रभर वाढून थकलेली वाढ थेट वापरली तर पेशी मंद असतात, तासाभरातही रंग अर्ध्या वाटेवरच दिसतो.

१ मिलिलिटर वाढ मिनिटभर सेंट्रिफ्यूज करून गाळ बर्फात थंड केलेल्या १०० मायक्रोलिटर वायपीडीत मिसळायचा. त्यात १ मायक्रोलिटर रंग घातला की रंगाची तीव्रता १० मायक्रोमोलर होते. नळी २० मिनिटं बर्फात, अंधारात ठेवायची. मग १ मिलिलिटर थंड वायपीडीनं एकदा धुऊन गाळ पुन्हा १०० मायक्रोलिटर थंड वायपीडीत घ्यायचा आणि तीन नळ्यांत वाटायचा. पहिली बर्फातच राहते. दुसरी ३० अंशांना १० मिनिटं, तिसरी ४५ ते ६० मिनिटं. वेळ झाली की नळी थेट बर्फात. बघण्याआधी थंड सिंथेटिक माध्यमानं एक धुणं द्यावं, कारण वायपीडी स्वतःच थोडं चमकतं आणि ऑटोक्लेव्हमध्ये जास्त वेळ राहून तपकिरी झालेलं वायपीडी तर फारच. धुण्यासाठी नुसतं पाणी वापरू नये. पाण्यात रिक्तिका फुगून एकमेकींत मिसळतात आणि एकच मोठी होते, तर मिठाच्या द्रावणात उलट त्यांचे बारीक तुकडे होतात. शिवाय ग्लुकोज संपलं की ॲक्टिनची (पेशीतल्या प्रथिनाच्या धाग्यांची) मांडणी काही मिनिटांत विस्कटते आणि आपण नेमकं काय बघतो आहोत हेच कळेनासं होतं.

आता बर्फ. हा प्रयोग उभा आहे तो शून्य मिनिटाच्या, म्हणजे बर्फातच राहिलेल्या पहिल्या नळीवर. ती नळी म्हणते, 'रंग लागला आहे, पण गिळणं अजून सुरू झालेलं नाही.' खोली ४० अंशांवर असताना ही नळी बर्फाबाहेर दोन-तीन मिनिटं राहिली तरी आत लाल ठिपके दिसू लागतात आणि तुलनाच संपते. इथल्या उन्हाळ्यात हा प्रयोग फसतो तो नव्वद टक्के याच जागी, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो. लादी फोडून आणलेला बर्फ चालतो, नळीच्या बाहेरच राहायचा आहे. पण तो नुसत्या खड्यांचा नको. खड्यांच्या मधल्या पोकळीत नळी कोमट राहते. बर्फ बारीक कुटून त्यात पाणी घालावं, नळी गळ्यापर्यंत त्या काल्यात बुडाली पाहिजे. मीठ घालू नये, तापमान शून्याखाली जाऊन पेशी गोठतात. वायपीडी, पिपेटचे टिप, स्लाइड, कव्हरस्लिप सगळं आधी फ्रीजमध्ये ठेवावं. सेंट्रिफ्यूज साधा असेल तर रोटर काढून तासभर फ्रीजमध्ये ठेवला तरी बराच फरक पडतो. शून्य मिनिटाची स्लाइड बघणारा सूक्ष्मदर्शीपाशी बसल्यावरच करायची, आधी करून ट्रेमध्ये मांडायची नाही.

काही पद्धतींत ऊर्जा तोडण्यासाठी सोडियम अझाइड आणि सोडियम फ्लोराइड घालतात. उपाय खात्रीचा आहे, पण अझाइड जहाल विष आहे, आम्लाशी आलं की विषारी वायू देतं आणि तांब्या-शिशाच्या नळात साचलं की स्फोटक क्षार करतं. पदवीच्या वर्गात ते आणू नये. बर्फ नीट सांभाळला तर त्याची गरजच पडत नाही.

उलट बाजूचा त्रास म्हणजे ३० अंश. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीच ३९ अंशांवर असेल तर काट्यावर ३० लावून काही होत नाही, आतल्या पेशी ३९ अंशांतच असतात. एकदम ३७ च्या वर गेल्यावर यीस्टचं ॲक्टिन काही काळ विस्कळीत होतं, आणि गिळण्याचं सगळं काम ॲक्टिनवर चालतं. थंड करणारा बीओडी इनक्युबेटर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर थर्माकोलच्या डब्यात ३० अंशांचं पाणी घेऊन थर्मामीटर टाकावा आणि लागेल तसा बर्फाचा खडा सोडत जावा. एक विद्यार्थी त्यावरच बसवावा. सकाळी आठची तुकडी आणि दुपारी दोनची तुकडी यांच्या निकालांत फरक पडतो तो याच कारणानं.

सूक्ष्मदर्शी फ्लुओरेसन्सचा लागतो, याला पर्याय नाही. हिरव्या प्रकाशानं उत्तेजित करून ६०० नॅनोमीटरच्या वरचा लाल प्रकाश घेणारा फिल्टर, आणि १०० पटींचं तेलातलं लेन्स. रंग प्रकाशात लवकर विझतो, म्हणून फोकस साध्या उजेडात जुळवायचा आणि हिरवा प्रकाश फोटोपुरता पाच-दहा सेकंद उघडायचा. पेशी तरंगत फिरत असतील तर १ टक्का ॲगरोजच्या पातळ थरावर ३ मायक्रोलिटर सोडून कव्हरस्लिप ठेवावी.

सगळं जमलं तर जे दिसतं ते खरोखर सुंदर आहे. शून्य मिनिटाला पाच-सहा मायक्रोमीटरच्या प्रत्येक पेशीभोवती बारीक, अखंड लाल बांगडी आणि आत काळोख. दहा मिनिटांनी बांगडी फिकट होते आणि आत सात-आठ ठळक ठिपके दिसतात, हे एंडोसोम, म्हणजे गिळलेल्या पटलाचे रिक्तिकेच्या वाटेवरचे थांबे. पाऊण तासानं बाहेरची बांगडी जवळजवळ गेलेली असते आणि पेशीच्या आत एक, दोन, कधी तीन छोट्या बांगड्या एकमेकींना खेटून चमकतात. ही रिक्तिकेची पटलं. त्यांच्या आतला भाग काळाच असतो, कारण रंग पटलात आहे, रसात नाही. आत गच्च लाल भरलेलं दिसलं तर पेशी मेलेली समजावी आणि मोजणीतून वगळावी.

आता या खरेदीची मर्यादा. बऱ्याच प्रात्यक्षिक वह्यांत या चित्राखाली 'मोटर प्रथिनांचं (पेशीतल्या धाग्यांवर जोर लावून ओढणाऱ्या प्रथिनांचं) कार्य दिसलं' असं लिहिलेलं असतं. तसं म्हणता येत नाही. पटलातून सुटणारी पिशवी सुमारे ५० ते ६० नॅनोमीटरची, आणि प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शीला दोनशे नॅनोमीटरच्या खालचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. रंग दाखवतो तो परिणाम, ओढणारा हात दिसत नाही.

तो हात कोणाचा, हे मात्र वर्गात नीट सांगायला हवं, कारण नावांचा गोंधळ इथे फार होतो. यीस्टमध्ये मायोसिन, म्हणजे ॲक्टिनवर चालणारी मोटर प्रथिनं, पाच आहेत. मायो१ पेशीविभाजनाच्या वेळी मधलं कडं आवळायला मदत करतो. मायो२ आणि मायो४ ओझी वाहून कळीत (आईपेशीतून फुटणाऱ्या नव्या पेशीत) नेतात. गिळण्याच्या जागी काम करतात ते मायो३ आणि मायो५, दोघेही पहिल्या प्रकारचे मायोसिन. दुसरे मोटर म्हणजे डायनीन आणि किनेसिन. डायनीन हा मुख्यतः केंद्रकाच्या जागेसाठी, किनेसिन विभाजनाच्या तर्कूसाठी. या पहिल्या पायरीत त्यांचं काम नाही. डायनॅमिन हे नाव डायनीनसारखं ऐकू येतं म्हणून तेही मोटर समजलं जातं, पण ते रुळावर चालणारं प्रथिन नव्हे.

यीस्टला पटल आत वाकवायला इतकी यंत्रणा का लागते? भित्तिकेच्या आत पेशीचा दाब गाडीच्या टायरमधल्या हवेइतका किंवा त्याहून जास्त असतो. त्या दाबाविरुद्ध पटल आत ढकलायचं आहे. आधी क्लॅथ्रिन हे जाळी विणणारं प्रथिन आणि त्याचे सोबती जागा धरतात, यात मिनिट-दोन मिनिटं जातात. मग लास१७ आणि व्हर्प१ या प्रथिनांबरोबर मायो३-मायो५ येतात, ॲक्टिनला फांद्या फोडणारं आर्प२/३ हे प्रथिनसंकुल जागं होतं आणि ॲक्टिनच्या फांद्या भराभर फुटू लागतात. इथून पिशवी तुटेपर्यंतचा खेळ जेमतेम पंधरा सेकंदांचा. मायोसिनचं शेपूट पटलाला धरून असतं, डोकं ॲक्टिनवर जोर लावतं आणि शेपटाच्या टोकाचा भाग आर्प२/३ ला चेतवतो. म्हणजे एकच प्रथिन दोन कामं करतं, ओढतंही आणि ओढायला लागणारे धागे विणायलाही लावतं. पिशवी आत जाते तेव्हा मायोसिन तिच्याबरोबर जात नाही, पटलावर तोंडापाशीच थांबतं. यंत्रमागावर फणी जागेवरच मागेपुढे होते आणि कापड पुढे सरकत जातं, तसं काहीसं. फरक एवढाच की इथे फणी धागाही स्वतःच मागवून घेते.

याचा पुरावा रंगातून आला नाही, जनुकं काढून आला. १९९६ साली जेली आणि रीझमन या संशोधकांनी दाखवलं की मायो३ आणि मायो५ दोन्ही काढले तर यीस्टची वाढ जवळजवळ थांबते. तापमान वाढवल्यावर निकामी होणारा मायो५ देऊन ती पेशी जगवली, तर तापमान वाढवताच ग्राहीमार्फत होणारं गिळणं कोसळतं, स्रवणाची वाट मात्र चालू राहते. दुकानातल्या यीस्टमध्ये हे करता येत नाही, त्यासाठी तयार उत्परिवर्तित स्ट्रेन हवेत. निदान ओळखीचा, नोंद असलेला स्ट्रेन हवा असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला (एनसीएल) एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि चंडीगढचा एमटीसीसी हा तसाच संग्रह हे जवळचे मार्ग आहेत.

तरीही याच रंगानं, याच दुकानी यीस्टमध्ये एका मोटर प्रथिनाचं काम जवळजवळ उघड्यावर दिसतं आणि ते सहसा कोणी बघतच नाही. तिसरी नळी साठ मिनिटांवर न थांबवता धुऊन ताज्या, रंग नसलेल्या वायपीडीत ३० अंशांना आणखी दीड-दोन तास ठेवावी. मग छोट्या कळ्या असलेल्या पेशी शोधाव्यात. आईच्या लाल रिक्तिकेपासून एक बारीक लाल दोरा, कधी मण्यांची माळ, मानेतून कळीत शिरलेली दिसते. ही रिक्तिका कळीत ओढली जाते आहे. ओढणारा मायो२, रूळ ॲक्टिनच्या तारांचा, आणि मायो२ ला रिक्तिकेशी बांधणारी कडी म्हणजे व्हॅक१७ हे प्रथिन, जे रिक्तिकेच्या पटलावरच्या व्हॅक८ या प्रथिनाला धरतं. कळीत पोचल्यावर व्हॅक१७ मोडून टाकलं जातं आणि ओझं सुटतं. रंगाची पेटी घ्यायची तर या चित्रासाठी घ्यावी असं आमचं मत आहे. शंभर पेशी शोधल्या तर असे दहा-पंधरा दोरे सापडायला हरकत नाही, घाई मात्र करू नये.

स्वस्त पर्याय म्हणून न्यूट्रल रेड सुचवलं जातं. साध्या सूक्ष्मदर्शीत रिक्तिका छान लाल दिसते, खर्च नगण्य. पण ते रेणू पटलातून आपोआप आत शिरतात आणि रिक्तिकेच्या आम्लात प्रभार घेऊन अडकतात. त्यात गिळणं कुठेच नाही. रिक्तिका दाखवायला वापरावं, एंडोसायटोसिसच्या मथळ्याखाली वापरू नये. ल्युसिफर यलो हा दुसरा चमकणारा रंग खरोखर गिळलेला द्रव दाखवतो, रिक्तिका आतून भरलेली दिसते, आणि १९८५ मध्ये रीझमन यांनी यीस्टमध्ये तेच वापरलं होतं. पण मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम लागतं, तासभर थांबावं लागतं, तीन-चार धुणी लागतात आणि चमक मंद असते. तुलनेत एफएम ४-६४ सरस.

खर्चाचा हिशेब एवढाच. एका गटाला १ मायक्रोलिटर, म्हणजे वाया गेलेलं धरूनही एका बाटलीत दीडशे गटांचं काम होतं. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाचे चार-चारचे पंधरा गट, त्यांना वर सांगितलेली एकच छोटी नळी पुरते. दहा बाटल्यांची पेटी एका महाविद्यालयाला काही केल्या संपत नाही आणि तोवर ती जुनी होते. शहरातल्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक पेटी घ्यावी, कोरड्या बाटल्या वाटून घ्याव्यात, विरघळवलेला रंग वाटू नये. प्रत्येक नळीवर विरघळवल्याची तारीख आणि वितळवल्याच्या खुणा पेन्सिलीनं लिहाव्यात. तिसऱ्या वितळण्यानंतर पार्श्वभूमी लाल दिसायला लागली तर नळी टाकून द्यावी.